डबा न बांधता

लेकीकडे झ्युरिकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या गावातल्या चढावर मला तहान लागली. बाटली रिकामी झाली होती. वळणावर एक दगडी हौद दिसला. मधोमध खांब, खांबाला तोट्या, आणि धार सतत चालू. "आई, भरून घे इथनंच," लेक म्हणाली. मी हौदाजवळ गेले आणि थांबले. रस्त्यावरचं पाणी तोंडाला लावायचं नाही, हे घरात इतक्या वर्षांत इतक्यांदा बोलून झालंय की हात पुढे होईना. तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. तिनं पिशवी खाली ठेवली, वाकून ओंजळभर पाणी प्याली, मला "ग्रुएत्सी" म्हणाली आणि चढ चढून गेली. मग मीही ओंजळ धरली.

शहरात असे बाराशेहून जास्त हौद आहेत. मी त्यांना पाणपोयाच म्हणते. काहींच्या खांबावर कोरीव पुतळा आहे, काही म्हणजे नुसता घडीव दगड. काहींना नळाचं पाणी येतं, काहींना डोंगरातल्या झऱ्यांचं. झऱ्यांची ही वाहिनी मुद्दाम वेगळी राखलेली आहे. उद्या काही मोठं संकट येऊन नळ बंद पडले, तर लोकांनी भांडी घेऊन चौकात यावं, एवढी सोय कायम तयार. आणि नळाला जे पाणी येतं, त्यातलं सुमारे सत्तर टक्के शहराला लागून असलेल्या सरोवराचं. तीसेक मीटर खोलवरून ते उपसतात, ओझोन, कोळसा आणि वाळूच्या थरांतून काढतात आणि घरोघर सोडतात.

हे कळलं तेव्हा मी गप्पच झाले. ज्या पाण्यात बोटी फिरतात, पोरं सूर मारतात, राजहंस पिलं घेऊन पोहतात, तेच पाणी संध्याकाळी लेकीच्या स्वयंपाकघरात वरणाचं आधण म्हणून ठेवलेलं असतं.

मी कोल्हापूरची. रंकाळा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आठव्या वर्षी अण्णांनी मला तिथं पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा सुतळीनं करकचून बांधायचा आणि पाण्यात ढकलायचं, ही आमच्याकडची रीत. "पाय मार, पाय! हात काय वळवळवतीस नुसते?" असं ते काठावरून ओरडायचे. पंधरा दिवसांनी एका सकाळी त्यांनी डबा बांधलाच नाही. मी रडले, हातपाय झाडले आणि तरंगले.

मग पुढच्या काही वर्षांत पाणी हिरवं होत गेलं. वस्त्या वाढल्या, नाल्यांतून सांडपाणी तळ्यात येऊ लागलं, जलपर्णी पसरली. ती काढायला आम्ही मैत्रिणी श्रमदानाला गेलो होतो. दिवसभर ओढून काठावर ढीग घातले, महिन्या-दोन महिन्यांत पाणी पुन्हा झाकलं गेलं. माझ्या लेकीला मी पोहणं शिकवलं ते तिकीट काढून, क्लोरिनच्या निळ्या टाकीत. रंकाळ्याच्या काठानं ती रोज शाळेत गेली, पण त्या पाण्याला तिनं कधी पाय लावला नाही.

त्यामुळे व्हिसाच्या नव्वद दिवसांत लोक जे बघायला जातात ते मी उरकलंच, पण खरी फिरले ती पाण्याच्या मागं.

सरोवर विळ्यासारखं वाकलेलं आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, जास्तीत जास्त खोली १३६ मीटर. हिमयुगात लिंट खोऱ्यातल्या हिमनदीनं हा खड्डा कोरला. आजही लिंट नदीच ग्लारुसच्या डोंगरांतून येऊन, वाटेत वालेनझे नावाचं दुसरं सरोवर ओलांडून, याला भरते. पाणी जिथं सरोवराबाहेर पडून लिमाट नदी होतं, नेमक्या त्या तोंडावर झ्युरिक वसलंय. शहरातला मोठा पूल ओलांडताना एका हाताला सरोवर असतं आणि दुसऱ्या हाताला नदी. डोंगरावरून फ्योन नावाचा उबदार वारा सुटला की सरोवराच्या पलीकडची बर्फाची शिखरं अचानक हाताच्या अंतरावर येऊन उभी राहतात. शहर संपल्यावर सरोवराचे दोन किनारे वेगळे होतात. उजव्या किनाऱ्याला संध्याकाळचं ऊन मिळतं आणि तिथं श्रीमंतांची घरं आहेत, म्हणून तो सोनेरी किनारा. समोरचा लवकर सावलीत जातो, त्याला इथले लोक 'प्फ्न्यूझल'चा किनारा म्हणतात. प्फ्न्यूझल म्हणजे सर्दी. पडशाचा किनारा! लेकीचं भाड्याचं घर अर्थातच पडशाच्या बाजूला.

माणसं इथं फार आधीपासून पाण्याला धरून राहिली. १८५३-५४च्या हिवाळ्यात सरोवराची पातळी खूप उतरली, तेव्हा मायलन गावाजवळच्या चिखलात खांबांच्या रांगा उघड्या पडल्या. फेर्डिनांड केलर या अभ्यासकानं त्या ओळखल्या : खांबांवर उभारलेल्या प्रागैतिहासिक घरांचे ते अवशेष होते. आल्प्सच्या आसपासच्या अशा १११ जागा २०११ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. साधारण त्याच सुमारास झ्युरिकच्या ऑपेरागृहासमोर जमिनीखाली गाड्यांचा तळ खोदताना एक लाकडी दरवाजा सापडला, पाच हजार वर्षांपूर्वीचा. मला तो दरवाजा फार आवडतो. देवळाचा नाही, राजवाड्याचा नाही. कुणीतरी संध्याकाळी सरोवरावरचा गार वारा आत येऊ नये म्हणून लावून घेतलेला.

रोमन काळात इथं जकात नाका होता. लिंडनहोफ नावाच्या छोट्या टेकडीवर १७४७ साली एक शिळा सापडली, दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची. झ्युरिकचं जुनं नाव 'तुरिकुम', ते सगळ्यात आधी या शिळेवर मिळतं. त्यावर जकात अधिकारी उनियो आणि त्याची बायको एलिया सेकुंदिना यांची नावं आहेत. ही समाधीशिळा त्यांनी आपल्या मुलासाठी उभारलेली : लुसियस एलियस उर्बिकस, वय एक वर्ष, पाच महिने, पाच दिवस. मूळ शिळा संग्रहालयात आहे, पण टेकडीकडे जाणाऱ्या गल्लीत तिची नक्कल भिंतीत बसवली आहे. तिच्यापुढं मी बराच वेळ उभी होते. या शहराचं नाव जगाला कळलं ते एका बाळाच्या वयाचे दिवस मोजणाऱ्या आईबापामुळे. वरती टेकडीवर लिंडनच्या झाडांखाली म्हातारे लोक बुद्धिबळाच्या गुडघ्याएवढ्या सोंगट्या हलवत होते, आणि खाली नदी.

नदीकाठची देवळं दंतकथांनी भरलेली आहेत. फेलिक्स आणि रेगुला या भावाबहिणींचा इथं शिरच्छेद झाला, तेव्हा त्यांनी आपापली मुंडकी उचलली आणि चाळीस पावलं चढ चढून मग देह ठेवले. शहराच्या जुन्या मुद्रेवर स्वतःची डोकी हातात धरलेले संत आहेत ते यामुळेच. जोतिबा-म्हसोबाच्या कथा ऐकत मोठ्या झालेल्या मला हे अजिबात परकं वाटलं नाही. त्यांच्या समाधीच्या जागी ग्रोसम्युन्स्टर हे दोन मनोऱ्यांचं चर्च आहे. तिथं १५१९पासून हुल्ड्रिख त्स्विंगली हा धर्मसुधारक प्रवचन करू लागला आणि काही वर्षांत शहरानं मूर्ती, चित्रं, जुनी पूजाविधी सगळं बाजूला काढलं.

पण त्याच्याच शिष्यांपैकी फेलिक्स मान्त्स म्हणू लागला की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसानं मोठं होऊन समजून उमजून तो घ्यावा. नगरसभेनं त्याला शिक्षा दिली ती पाण्याचीच. ५ जानेवारी १५२७ला हात गुडघ्यांभोवती बांधून त्याला लिमाटमध्ये बुडवलं. ऐन हिवाळ्यात. नदीकाठच्या शिप्फं या भागात २००४ साली लावलेला एक छोटा फलक आहे, त्यावर त्याचं आणि असंच मरण आलेल्या इतरांचं स्मरण आहे. समोरच्या पाण्यात त्या दिवशी दोन पोरी फळीवर उभ्या राहून वल्ही मारत होत्या. मला त्या पाण्याकडे त्यानंतर थोडा वेळ नीट बघवलं नाही.

बाकीचं शहर भराभर सांगते, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. सेंट पीटरच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची तबकडी साडेआठ मीटरहून मोठी, युरोपातल्या चर्चांमध्ये सर्वांत मोठी. फ्राउम्युन्स्टर या चर्चमध्ये चित्रकार मार्क शागालनं ऐंशी ओलांडल्यावर केलेल्या रंगीत काचा, १९७०च्या. त्या मात्र सकाळच्या उन्हात बघाव्यात. श्पीगलगासे या एकाच गल्लीत १९१६ साली एका टोकाला डाडावाले, म्हणजे कलेचे सगळे नियम उधळून लावणारे, कलावंत रात्री धुडगूस घालत होते आणि चार घरं सोडून लेनिन भाड्यानं राहत होता. आणि जगातल्या महागड्या रस्त्यांत मोजला जाणारा बानहोफश्ट्रासे १८६४पर्यंत खंदक होता. नाव बेडकांचा खंदक. तो बुजवून हा रस्ता झाला.

बेडकांचा खंदक वाचल्यावर मला पहिल्यांदा शंका आली की हे गाव काही आधीपासून असं नव्हतं. शोधत गेले तेव्हा कळलं, अजिबात नव्हतं. जुन्या गावात दोन घरांच्या पाठभिंतींमध्ये अरुंद बोळ असायचे. वरच्या मजल्यांचे संडास थेट त्या बोळात. खाली मैला साचायचा, अधूनमधून तो खत म्हणून उपसून न्यायचे, आणि उरलेला पावसाबरोबर नदीकडे. १८६७मध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि काही आठवड्यांत शेकडो माणसं गेली, बहुतेक दाटीच्या वस्त्यांतली. त्यानंतर शहर हललं. आर्नोल्ड ब्युर्कली नावाचा शहराचा अभियंता होता. त्यानं बोळ बंद करून गटारं बांधली, मैला वेगळा पिंपांत गोळा करायची पद्धत बसवली, नळाच्या पाण्याची व्यवस्था उभी केली. तरी १८८४मध्ये विषमज्वराची साथ आलीच. म्हणून पाण्याची व्यवस्था पुन्हा तपासली, पुन्हा सुधारली.

याच ब्युर्कलीनं १८८१ ते १८८७ या काळात सरोवराचा काठ बांधून काढला. त्याआधी काठाला मालधक्के, चिखल आणि घरांच्या पाठी होत्या. त्यानं भर घालून तिथं रस्ते, झाडं, बागा केल्या आणि शहराचं तोंड पाण्याकडे फिरवलं. आज सगळे पर्यटक ज्या चौकात बोटीत चढतात त्याला ब्युर्कलीचं नाव आहे. मोठ्या स्टेशनसमोर रेल्वे आणि बँका उभारणाऱ्या आल्फ्रेड एशरचा भव्य पुतळा आहे, त्याचा फोटो सगळे घेतात. मी मात्र ब्युर्कलीला मनातल्या मनात नमस्कार केला. गटारं बांधणाऱ्या माणसाचं नाव शहरानं सगळ्यात सुंदर जागेला दिलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

एवढं करूनही सरोवर आजारी पडलं. लेकीच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. त्या सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात काठाला शेवाळाचा जाड थर यायचा, वास यायचा. वेर्डहोल्त्सलीला मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र १९२६पासून होतं, पण ते शहरासाठी. आणि शहराचं सांडपाणी जायचं नदीत, सरोवराच्या पुढे. सरोवरात घाण येत होती ती काठावरच्या गावांतून. सगळ्या देशाचीच ती अवस्था होती : १९६५ साली स्वित्झर्लंडमधल्या फक्त १४ टक्के लोकांचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जात होतं. मग गावोगाव केंद्रं उभी राहिली, गटारं जोडली गेली. आज हे प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर आहे. शेवाळाचं खाद्य म्हणजे फॉस्फरस, आणि तो येत होता कपडे धुण्याच्या पावडरीतूनही. १९८६मध्ये त्या पावडरीत फॉस्फेट घालायलाच देशभर बंदी आली.

हा मजकूर मी लेकीच्या लॅपटॉपवर वाचत होते, आणि डोळ्यांसमोर जलपर्णीचे ते ढीग होते. आम्ही पोरी वरचं हिरवं ओढत होतो. ते ज्यावर वाढत होतं ते खालून येतच होतं.

घरमालकीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९६३च्या हिवाळ्यात सगळं सरोवर गोठलं होतं. सगळं शहर त्यावर चालायला लोटलं, त्याही आईचा हात धरून गेल्या. बर्फावर आडवं पडून डोळे लावले की खाली काळं पाणी दिसायचं म्हणाल्या. त्यानंतर ते पूर्ण कधीच गोठलं नाही. आता हिवाळे उबदार झाले आणि वरचं-खालचं पाणी पूर्वीसारखं ढवळून निघत नाही. त्याचा फायदा एका लालसर शेवाळाला होतो. लोक त्याला 'बर्गंडी-रक्त' म्हणतात, कारण १४७६च्या मुर्टनच्या लढाईत मेलेल्या बर्गंडीच्या सैनिकांचं ते रक्त, अशी जुनी समजूत. ते शेवाळ या सरोवरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहे आणि स्वच्छ झालेल्या पाण्यातही ते टिकून आहे. म्हणजे एवढं सगळं करून काम संपलंय असंही नाही.

आणि काठ? शहरात काठ सगळ्यांचा आहे. हिरवळीवर कुणीही चादर टाकून दिवसभर पडावं. पण शहराबाहेर सोनेरी किनाऱ्यावर चालत गेलो तर मैलोन्‌मैल कुंपणं, उंच झुडपं, 'खासगी' अशा पाट्या. सरोवराकाठानं सलग पायवाट असावी असा प्रस्ताव प्रांतातल्या लोकांपुढे मतदानाला आला होता, मार्च २०२४मध्ये तो लोकांनीच फेटाळला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आमच्या रंकाळ्याचं पाणी बिघडलं, पण पहाटे फेरी मारायला तिथं वकील, हमाल, भेळवाले, पैलवान सगळे एकाच वाटेनं चालतात.

नदीच्या खालच्या अंगाला लेटेन म्हणून जागा आहे. लेक ऑफिस सुटल्यावर तिथं पोहायला जाते. पैसे लागत नाहीत. जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेला लाकडी ओटे, खाली वेगानं जाणारं हिरवं पाणी, पोरं पुलावरून उड्या टाकतात. मला वाटलं, किती आनंदी जागा. घरी आल्यावर घरमालकीणबाईंनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं सांगितलं. संग्रहालयामागच्या प्लात्सश्पिट्स बागेत उघड्यावर हेरॉइन टोचून घेणाऱ्यांची गर्दी असायची, शेकड्यांनी. एड्सचे दिवस. १९९२मध्ये ती बाग बंद केली, तर ती सगळी माणसं बंद पडलेल्या लेटेन स्टेशनात गेली. रुळांवर सुया, रुळांवर मरणं. १९९५मध्ये तेही बंद झालं, पण नुसतं हाकलून नाही. त्या माणसांना रोगी मानायचं ठरलं : निवारा, स्वच्छ सुया, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध म्हणून हेरॉइनसुद्धा. या देशात त्यावर खूप भांडणं झाली, मतदानं झाली, पण ते टिकलं. "त्यातली दोन मुलं माझ्या शाळेतल्या वर्गातल्या मैत्रिणींची," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

नव्वद दिवस संपायला चार दिवस राहिले होते. लेक म्हणाली, "आई, तू एकदा तरी उतर ना पाण्यात."

सरोवर संपून नदी सुरू होते तिथं, पाण्यावरच, बायकांचं स्नानगृह आहे. १८८८चं, लाकडी, कोपऱ्यांना घुमटीसारखे छोटे मनोरे. घरोघर न्हाणीघर नव्हतं तेव्हा बायकांना अंग धुता यावं म्हणून बांधलेलं. अजूनही दिवसा तिथं फक्त बायका. आत गेलं की मधे फळ्यांचं अंगण, आणि बाहेरच्या बाजूला थेट नदी. सत्तरी-ऐंशीच्या बाया फळ्यांवर उन्हात पडलेल्या, कुणी विणत होती, कुणी जर्दाळू सोलून खात होती. पोटावरच्या घड्या, ऑपरेशनचे व्रण, कुणाला कशाचं काही नाही. मी लेकीनं आणलेला पोहण्याचा पोशाख घालून टॉवेल गुंडाळून उभी होते. शेजारच्या म्हातारीनं जर्दाळूची अर्धी फोड पुढे केली. ती खाल्ली आणि टॉवेल काढला.

शिडीच्या तीन पायऱ्या उतरले. पाणी इतकं नितळ की माझी पावलं दिसत होती. मागच्या तीस वर्षांत उघड्या पाण्यात मला माझी पावलं दिसली नव्हती. चौथी पायरी सोडली आणि नदीनं हलकेच ओढायला सुरुवात केली. "आई, पाय मार!" लेक वरून ओरडली, आणि तिचा आवाज हुबेहूब अण्णांसारखा निघाला. मी पाय मारले. पुलाच्या दिशेनं, सरोवराकडे तोंड करून, प्रवाहाच्या उलट. फार पुढे गेले नाही, पण मागेही गेले नाही. समोर पुलाखालून सरोवर आणि त्याच्या टोकाला बर्फ दिसत होतं.

एक बोट गेली, तिची लाट तोंडावर आली आणि घोटभर पाणी तोंडात गेलं. जुन्या सवयीनं घाबरून थुंकायला मान वळवली. मग थांबले, आणि गिळलं.